राखणदाराची भाषा

इंग्रजी माणसाचं एका बाबतीत फार बरं असतं. राजा असो, भिकारी असो, बायको असो की दारातलं कुत्रं असो, समोर येईल त्याला तो 'यू' म्हणून मोकळा होतो. मराठी माणसापुढे मात्र तू, तुम्ही आणि आपण अशा तीन वाटा. कुणाशी बोलताना कुठली धरायची, हे त्याने जन्मभर ठरवत बसायचं. शर्मिलाची रोजीरोटी याच भानगडीवर चालली होती. ती परदेशी पिक्चरचे संवाद मराठीत लिहायची.

स्टुडिओ कसबा पेठेत होता, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला. खालच्या गल्लीत सकाळपासून हातोड्यांची ठोकाठोक चालायची, म्हणून आवाज भरायचं काम दुपारी एक ते चार. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर सगळा महाराष्ट्र हसतो, पण ती झोप नसती तर हा स्टुडिओ कधीच बंद पडला असता. रेकॉर्डिस्ट संतोष घड्याळात एक वाजल्याशिवाय माइकला हात लावत नसे.

त्या दिवशी काम चाललं होतं एका सुपरहिरोच्या पिक्चरचं. शर्मिलाला खरं तर असल्या पिक्चरचा कंटाळा. अंगाला चिकटलेले कपडे घालून माणसं इमारती पाडतात आणि त्याला जग वाचवणं म्हणतात, हे तिला कधी पटलं नव्हतं. वेड होतं ते तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, निकिताला. पण हा पिक्चर जरा निराळा निघाला होता. त्यातली नायिका टेसा कुठलंही ओझं उचलू शकायची. बस, पूल, कोसळणारं धरण, काहीही. तिच्यासमोर जो खलनायक होता त्याचं नाव शर्मिलाने मराठीत 'राखणदार' ठेवलं होतं. लोकांना काही होऊ नये म्हणून त्याने शहराभोवती हवेची भिंत उभी केली होती. आत कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही. तो मारत नाही, ओरडत नाही. फक्त टेसाशी हळू आवाजात बोलतो, आणि पूल पेलणारे तिचे हात लटपटायला लागतात.

राखणदाराला आवाज द्यायला श्यामसुंदर आले होते. साठी ओलांडलेला, नाटकात हयात घालवलेला माणूस. काचेपलीकडे उभं राहून त्यांनी वाक्य म्हटलं, "टेसा, आपण दमलात. ठेवा ते खाली. आपल्याला नाही झेपायचं."

संतोषने तिथेच थांबवलं. "मॅडम, इथं 'यू'ला 'तू' टाका ना. ओठ एकदम फिट बसतात. 'आपण' म्हटलं की 'प'ला तोंड मिटतं आणि स्क्रीनवर त्याचं तोंड उघडं. मिसमॅच दिसतंय."

"दिसू दे," शर्मिला म्हणाली. "एरवी तो तिला तूच म्हणतो. राग आला की आपण म्हणतो."

"हे स्क्रिप्टमध्ये कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. इंग्रजी स्क्रिप्टमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसता 'यू' होता. राखणदाराचे संवाद तिने दोन दिवसांत सपासप लिहून काढले होते, एकही खाडाखोड न करता. टेसाच्या एकेका वाक्याला मात्र तासतास लागला होता.

श्यामसुंदरांनी हेडफोन काढून हातात घेतला. "बाई, चाळीस वर्षं खलनायक करतोय. दातओठ खाल्ले, गडगडाटी हसलो, टाळ्या घेतल्या. पण हे वाक्य बोलताना माझ्याच अंगावर काटा आला. लिहिलंय कुणी हे?"

"मीच की."

"ते झालं. आपण लिहिलंत, कबूल. पण बोलतंय कोण?"

त्या भल्या माणसाच्या तोंडचं ते साधं 'आपण' ऐकलं, आणि शर्मिलाचा हात आपोआप पर्समधल्या मोबाइलकडे गेला. किती वाजले, किती मिस्ड कॉल, घरी पोचायला किती वेळ, एवढे तीन हिशेब एका क्षणात तिच्या डोक्यात होऊन गेले. मग तिला उमगलं की आपण घाबरलोय. दुपारी दीड वाजता, कसबा पेठेत, चार चांगल्या माणसांत बसून आपण घाबरलोय, कारण कुणीतरी आपल्याला आदराने हाक मारली. मला माझ्या नवऱ्याची भीती वाटते, हे वाक्य तिच्या मनात पहिल्यांदा अख्खं उमटलं. अकरा वर्षांच्या संसारात ते तिने कधी पूर्णविरामापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

अभय, तिचा नवरा, खराडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दारू नाही, सिगारेट नाही, बाहेर लफडं नाही. आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं. घरात सगळं ठीक असलं की ती 'शर्मू' आणि 'तू'. काही बिनसलं की तो शांतपणे म्हणायचा, "आपण वीस मिनिटं उशिरा आलात. हरकत नाही." त्यानंतर तीन-तीन दिवस तो ताटावर बसायचा आणि जेवायचा नाही. समोर रिकामं ताट घेऊन, ती जेवत असताना तिच्याकडे बघत राहायचा. निकिता बापाच्या तोंडून 'आपण' ऐकताच बोलता बोलता गप्प व्हायची, उठून आपल्या खोलीत जायची आणि आधीच आवरलेलं दप्तर पुन्हा आवरायची. मागच्या वर्षी त्याने शर्मिलाची स्कूटर विकली, कारण तिला ट्रॅफिक झेपत नाही. मग तिच्या मैत्रिणी कमी झाल्या, कारण त्या तिला वापरून घेतात. मोबाइलवर ती कुठे आहे ते त्याला कायम दिसायचं, कारण दिवस वाईट आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. फक्त यात बुक्केही नव्हते, त्यामुळे अंगावर दाखवायला काही नव्हतं.

आणि आता कॅनडा. कंपनी त्याला तिकडे पाठवत होती, कायमचं. तेवीस तारखेचं विमान होतं. तिथे ना आई, ना बाप, ना स्टुडिओ, ना ओळखीची गल्ली. तिघांचे पासपोर्ट अभयच्या कपाटात कुलपात होते. तेवीस तारखेला आपण विमानात बसलो तर परत कुणाला दिसायचो नाही, असं तिला मनोमन वाटत होतं, आणि ते चूक होतं असं म्हणायला मलाही काही जागा दिसत नाही.

हे जाणं थांबवू शकेल असा माणूस एकच. तिचे वडील, बाबुराव. आणि ते तिचं ऐकून घेत नव्हते.

त्यांचंही समजून घ्यायला हवं. बाबुरावांच्या बापाला गावात उभ्या जन्मात कुणी 'तुम्ही' म्हटलं नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याला शेंबडी पोरं 'ए म्हाद्या' म्हणून हाक मारायची आणि म्हातारा 'जी' म्हणायचा. छप्पन्न साली घराने दीक्षा घेतली, बाबुराव शिकले, पुण्यात पाटबंधारे खात्यात कारकून झाले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाने त्यांना "आपण बसा" म्हटलं होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. तेव्हापासून त्यांनी नेम केला, घरातली माणसं सोडून कुणालाही अरे-तुरे करायचं नाही. झाडूवाल्याला आपण, रिक्षावाल्याला आपण. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरात हा शब्द तसबिरीसारखा जपला जायचा.

त्यामुळे बघायला आलेल्या अभयने चहाचा कप खाली ठेवून शर्मिलाला "आपण पुढे काय करायचं म्हणता?" असं विचारलं, तेव्हा लग्न तिथेच ठरलं. पगार, घर, काही बघायची गरज बाबुरावांना उरली नाही. जो मुलीला आपण म्हणतो तो तिचा अपमान कसा करेल? हिशेब सरळ होता, आणि चुकला तो तिथेच.

दोन वर्षांपूर्वी धीर करून ती म्हणाली होती, "बाबा, ते मला आपण म्हणतात ना, तेव्हा मला भीती वाटते." बाबुराव मनापासून हसले. नुसते हसले नाहीत, रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार लोकांत त्यांनी ते सांगितलं. "लोकांच्या लेकींना नवरे शिव्या घालतात म्हणून त्या रडतात. आमची आपण म्हणतात म्हणून रडते." सगळे हसले. अभयही तिथेच होता, तोही हसला. घरी आल्यावर तिला आठ दिवस 'आपण' होतं.

आता सांगून उपयोग नव्हता. पण पिक्चर तयार झाला, आणि पिक्चरच्या कंपनीने त्यावर काम केलेल्या लोकांसाठी नि त्यांच्या घरच्यांसाठी हडपसरच्या एका थिएटरात खेळ ठेवला. रविवार, एकोणीस तारीख, सकाळी दहा. शर्मिलाने ठरवलं, सांगून कळलं नाही तर ऐकून तरी कळेल. तिने आईवडिलांना बोलावलं. निकिताला तर यायचंच होतं. अभयला ती बोलली नाही. पण निमंत्रण मोबाइलवर आलं होतं, आणि तिचा मोबाइल तो रोज बघायचा.

"मी पण येणार," शनिवारी तो चहा पिता पिता म्हणाला. "तू एवढं काम केलंस, कौतुक नको व्हायला?"

'तू' म्हणाला. तिला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

थिएटरात ते ओळीने बसले. कडेला अभय, मग शर्मिला, मग तिची आई शालन, मग बाबुराव, आणि आजोबांच्या पलीकडे पॉपकॉर्नचा पुडा घेऊन निकिता. पहिला अर्धा तास मजेत गेला. टेसाने बस उचलली, पूल सावरला, मराठीत दोन-चार फटकळ वाक्यं टाकली, लोक हसले. बाबुरावांना लेकीचं कौतुक वाटत होतं. "भाषा चांगली ठेवलीय हो," ते शालनला म्हणाले.

मग राखणदार आला. टेसाने त्याच्या भिंतीला भोक पाडून दहा-बारा माणसं बाहेर सोडली होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तिच्या केसांवरची धूळ झटकली आणि श्यामसुंदरांच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "आपण मला विचारलं नाहीत. मी रागावलो नाही, टेसा. मला फक्त वाईट वाटलं."

अभयने अंधारात शर्मिलाच्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, आणि तो तिथेच राहिला. तिला हात काढून घ्यायची हिंमत झाली नाही. तिने मान वळवून वडिलांकडे बघितलं.

बाबुराव निकिताकडे बघत होते. पोरीचा हात पुड्यात होता तसाच थांबला होता. तिने पुड्याचं तोंड दुमडलं, पुडा खुर्चीखाली सरकवला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती ताठ बसली.

"काय झालं बाळा?"

"त्याला राग आलाय," निकिता कुजबुजली.

"अगं, किती छान बोलतोय तो."

"म्हणूनच ना, आजोबा."

बाबुरावांनी मान वळवून समोर बघितलं. पडद्यावर टेसाचे हात थरथरत होते. शर्मिलाला वाटलं, ऐकलं, एकदाचं ऐकलं यांनी. तिला रडू फुटेल असं झालं. आईचा हात धरावा म्हणून ती वळली आणि तिच्या ध्यानात आलं, की आईचा हात खुर्चीवर नव्हताच. आईने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला होता. पाय खुर्चीखाली चपला शोधत होते. पडद्यावरचा माणूस 'आपण' म्हणाल्यापासून आई उठायच्या तयारीत बसली होती.

तिला कितीतरी जेवणं आठवली. एरवी आईला 'तू' म्हणणारे बाबा ताटावरून शांतपणे म्हणायचे, "शालनबाई, आपण भाजीला मीठ घालायचं विसरलात वाटतं." मग अर्धं जेवण टाकून आतल्या खोलीत जाणारी आई. मग दोन दिवस घरात कुणाचा आवाज नाही. आमचे बाबा आईवर कधी ओरडले नाहीत, असं शर्मिला लहानपणापासून मैत्रिणींना अभिमानाने सांगत आली होती. राखणदाराचे संवाद सपासप सुचले ते अकरा वर्षांच्या संसारातून, असं तिने धरलं होतं. ते तिला त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते.

इंटरव्हल झालं. दिवे लागले. अभय उठला, त्याने शर्ट नीट केला आणि हसून सगळ्यांकडे बघितलं.

"शर्मिला, आपण फार छान लिहिता," तो म्हणाला. "पण पॅकिंग राहिलंय. चला, निघू या. निकिता, उठ."

निकिता उठली. नेहमीसारखी, एका शब्दात. शर्मिलाला मात्र उठता येईना. टेसाने धरण पेललं तेव्हा तिलाही असंच होत असेल, असा वेडा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचारामुळेच तिला बोलता आलं.

"मी येत नाही," ती म्हणाली. "आता नाही. आणि तेवीसलाही नाही. निकिता माझ्याजवळ राहील."

अभयच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. "आपण दमलात. घरी गेल्यावर बोलू. लोक बघताहेत."

"बघू देत."

"पासपोर्ट माझ्याकडे आहेत, विसरलात वाटतं. आणि बाबा, आपण तरी हिला समजवा. आपलं ऐकते ती."

बाबुराव उभे राहिले. गुडघे धरून, सावकाश. त्यांनी नातीला आपल्या मागे घेतलं. जो शब्द त्यांनी बावन्न वर्षं घराबाहेरच्या कुणासाठी तोंडात येऊ दिला नव्हता तो बाहेर काढायला त्यांना वेळ लागला.

"अभय," ते म्हणाले, "तू जा."

अभयने भुवया उंचावल्या. "बाबा, मला अरे-तुरे?"

"हो. तुला. तू जा इथून. पोरी माझ्याकडे राहतील."

क्षणभर अभयच्या डोळ्यांत जे आलं ते शर्मिलाने अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. लगेच ते गेलं. त्याने गाडीची किल्ली खिशातून काढली, मान झुकवून सासऱ्यांना नमस्कार केला. "ठीक आहे. आपण मोठे आहात. मी खाली पार्किंगमध्ये आहे. पिक्चर आरामात बघा. संपल्यावर सगळ्यांना खालीच यावं लागेल ना." तो पायऱ्या उतरून गेला. दार त्याने हळूच लावलं, आवाज न होऊ देता.

ती चौघं पुन्हा बसली. दुसरं करणार काय? निकिता आजीच्या मांडीवर येऊन बसली, एवढी मोठी असून. बाहेर पडायला एकच जिना होता, तोही पार्किंगमध्येच उतरणारा, आणि पिक्चर अजून एक तास पाच मिनिटांचा होता. तो कुठल्या मिनिटाला संपतो हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

"पोरी," बाबुराव पुढे वाकून म्हणाले. "तू मला सांगितलं होतंस. मी ते विहारात सांगून लोकांना हसवलं. मला माफ कर."

तिने मान हलवली. बाबुरावांना बरं वाटलं असावं. त्यांनी डोळे पुसले, पाठ टेकली, आणि मग त्यांची नजर शेजारी गेली. शालनच्या पायात चपला होत्या. पदर अजून तसाच घट्ट होता. बाबुराव बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिले. दिवे मंद व्हायला लागले.

"शालन," ते अगदी हळू म्हणाले. "मी तुला कधी..."

नको बोलूस आई, असं शर्मिलाला वाटलं, आणि त्याच वेळी बोल, एकदा तरी बोल, असंही वाटलं.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात शालनने नवऱ्याला 'अहो' आणि 'तुम्ही' याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिची नजर समोरच होती.

"पिक्चर सुरू झालाय," ती शांतपणे म्हणाली. "आपण बघावा."